शिट्टीसरांचं चालतं-बोलतं

"मग ऐच्छिक म्हणजे कुणाच्या इच्छेनं, ते तरी सांगा!"

"बाई, शब्दात काय पकडताय माणसाला?"

"मी कुठं पकडतेय? तुम्हीच अडकलायत. हे बघा, तुमच्याच हातचं वाचते. शक्तिवर्धन : धावणे, उठाबशा, अंगठे धरणे. दमवर्धन : उठाबशा, अंगठे धरणे, धावणे. लवचीकता…"

"ती अंगठ्यांपासून सुरू होते! क्रम बघा ना बाई, क्रम."

"आणि हे चौथं? सर्वांगीण?"

"त्यात सगळं येतं."

"सगळं म्हणजे काय काय?"

"म्हणजे… धावणे, उठाबशा…"

"पुरे!"

नाटकाचा माझा वर्ग आणि खेळाच्या सामानाची खोली यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत आहे. तिला भिंत म्हणायचं ते आपलं मान म्हणून. त्या दिवशी तालीम आपोआप थांबली. राजा, प्रधान, राणीची दासी आणि दोन झाडं, सगळे त्या प्लायवूडला कान लावून उभे राहिले. पलीकडे आमच्या मुख्याध्यापिका होत्या, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, आणि व्यायामाचे सर होते, ज्यांना सगळी शाळा शिट्टी म्हणते. तोंडावर शिट्टीसर.

भांडणाचं मूळ साधं होतं. नववी-दहावीच्या मुलांना व्यायामात निवड द्या, असं वरून आलं होतं. सगळ्यांना एकाच रांगेत हाकायचं नाही. चारेक विषय आखायचे, ज्याला जो आवडेल तो त्यानं घ्यायचा. पदकं नकोत, सामने नकोत. पोरगं शाळेतून बाहेर पडेल तेव्हा स्वतःचं शरीर स्वतः सांभाळायला शिकलेलं असावं, इतकंच. कल्पना वाईट नव्हती. वाईट एवढंच, की ती शिट्टीसरांच्या पदरात पडली.

"आता मला सांगा," पलीकडून बाईंचा आवाज अचानक मऊ झाला. बाईंचा आवाज मऊ झाला की शहाण्यानं खोली सोडावी. "पोरगं उशिरा आलं, की तुम्ही काय करायला लावता?"

"मैदानाला फेऱ्या."

"गणवेश मळका असला की?"

"उठाबशा."

"आणि रांगेत बोललं की?"

"अंगठे धरून उभं."

"आता हा कागद परत बघा."

कागद उलटसुलट केल्याचा आवाज आला. मग बाईच म्हणाल्या, "म्हणजे पोरांनी आपापली शिक्षा आपल्या आवडीनं निवडायची. असंच ना?"

आमच्यातलं एक झाड फिसकन हसलं. दासीनं त्याच्या तोंडावर हात दाबला.

"शिस्त आणि व्यायाम एकच असतं, बाई," शिट्टीसर म्हणाले. "आम्ही खेळत होतो तेव्हा…"

"तुम्ही राखीव होतात, सर. सोमवारी मला नवीन आराखडा पाहिजे."

राखीव हा शब्द बाईंनी काढायला नको होता, असं नंतर शिक्षक-खोलीत सगळे म्हणाले, आणि म्हणताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिवाळखोर शेजारी बघितल्यासारखा आनंद होता. कारण शिट्टीसरांचा सगळा डोलारा त्या एका शब्दावर उभा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरुणपणी ते कुठल्याशा मोठ्या संघात होते. होते म्हणजे बाकावर होते. हंगामभर त्यांनी इतरांचे टॉवेल सांभाळले, पाण्याच्या बाटल्या पोचवल्या, आणि ज्या सामन्यात खरोखरच कुणाचा तरी पाय मुरगळला त्या सामन्यात ऐन वेळी पाऊस येऊन खेळ बंद पडला. पण संघाचा ट्रॅकसूट मिळाला. तो निळा ट्रॅकसूट अजून त्यांच्या अंगावर आहे. म्हणजे तोच नाही, पोटाच्या मागणीनुसार दर काही वर्षांनी तसाच मोठा शिवून घेतात. त्याला इस्त्री असते. पँटच्या कडेनं अशी धार, की कागद कापावा. धावणारा माणूस ट्रॅकसूटला इस्त्री कशाला करेल? पण सरांना धावताना कुणी पाहिलेलंच नाही.

त्यांचं ठिकाण म्हणजे मैदानाच्या कडेला झाडाखालची खुर्ची. सावली सरकेल तशी ती खुर्ची सरकते, सर उठत नाहीत. बसल्या बसल्याच पायांनी ढकलत नेतात. त्यांच्या दिवसातला तेवढाच व्यायाम. तिथून ते शिट्टी फुंकतात. एक लांब म्हणजे सावधान, दोन आखूड म्हणजे विश्राम, आणि सुरात वाजली तर शिपायाला हाक, चहा आण. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते आम्ही रोज पाहिलंय, फक्त उंटाच्या जागी प्लॅस्टिकची खुर्ची.

आणि पोरांबद्दल त्यांचं मत? शिक्षक-खोलीत चहाच्या कपात बोट बुडवून माशी काढता काढता ते म्हणायचे, "कापसाची पोरं सगळी. फुंकर मारली तर पडतील. आम्ही या वयात दगड फोडत होतो."

"कुठले दगड, सर?" भूगोलाच्या बाई विचारायच्या.

"म्हणायची पद्धत असते, बाई."

पोरं मात्र आडवीतिडवी, काटकुळी, ढेरपोटी, दम्याची, चष्म्याची, जशी सगळीकडे असतात तशी होती. मैदान म्हटलं की ती पाय मागे घ्यायची. घेणारच. ज्या जागी फक्त चुकल्यावर पाठवतात, त्या जागी कोण हौसेनं जाईल? मागे एकदा सरांनी सहज म्हणून, अगदी प्रेमानं, एका पोराला उठाबशा काढायला सांगितल्या. ते पोर रडवेलं होऊन म्हणालं, "पण मी केलंय काय, सर?"

शिट्टीसरांची लेक याच शाळेत दहावीत होती. माझ्या नाटकाच्या गटात होती, म्हणून पुढचं बरंचसं मला तिच्या तोंडून कळलं. अंगानं भरलेली, आवाजानं खणखणीत, नकला करण्यात एक नंबर. घरी सर तिला लाडानं ढब्बू म्हणत. घरातलं नाव घरात राहिलं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण ती सातवीत असताना क्रीडादिनाच्या सरावात ती मागे पडली, आणि सरांनी खुर्चीत बसूनच भोंग्यावरून हाक दिली, "ए ढब्बू, हल की जरा! मैदान काय तुझ्या वाटचं पण मीच पळू?" सगळं मैदान हसलं. सरही हसले, म्हणे विनोद केला. त्या दिवसापासून ती सगळ्या शाळेची ढब्बू झाली, आणि त्या दिवसापासून तिनं मैदानात पाऊल टाकलं नाही. व्यायामाच्या तासाला तिच्या पोटात दुखायचं. तीन वर्षं दुखत होतं, आणि व्यायामाच्या शिक्षकाला, जो तिचा बाप होता, ते कधी खोटं वाटलं नाही. किंवा सोयीचं वाटलं असेल. मी तिला इथं लेकच म्हणणार आहे.

तर रविवारी दुपारी सर घरी कागद घेऊन बसले. आधी त्यांनी त्याच चार विषयांना इंग्रजी नावं दिली. पॉवर, कार्डिओ, फ्लेक्स, टोटल. मग खोडली. मग पंख्याकडे बघत बसले.

"अहो, लावा तरी तो पंखा," बायको आतून म्हणाली. "नुसतं बघून वारा येतो का?"

लेक समोर अभ्यास करत होती. तिनं विचारलं, "बाबा, अडलंय का?"

"अडायला काय झालं? सुचतंय, पण जास्त सुचतंय."

"मी सांगू एक?"

"तू?" सर हसले. "तू व्यायामाचं सांगणार? मग आता मासे झाडावर चढणं शिकवतील."

"ज्यांना मैदान आवडतं ते कुठलाही विषय घेतील. तुम्ही आखलात काय, नाही आखलात काय, ते पळणारच. ज्यांना आवडत नाही त्यांच्यासाठी एक करा ना."

"आवडत नाही त्यांना आवडायला लावायचं असतं. त्यालाच शिक्षण म्हणतात."

"लावलंत की तीन वर्षं," लेक म्हणाली, आणि आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. आई ऐकत होती तर.

सरांनी पेन उचललं. भांडायला सोमवार फार जवळ होता. मग लेकीनं सांगितलं आणि त्यांनी लिहून घेतलं. विषयाचं नाव चालतं-बोलतं. दोघादोघांनी जोडीनं, झपाझप चालायचं. वेग प्रत्येकाचा आपापला. ओळखायचा कसा? चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता आलं म्हणजे रेंगाळताय. गप्पाही मारता येईनात म्हणजे जास्त झालं, जरा हळू. हे तिनं कुठल्याशा डॉक्टरच्या व्हिडिओत पाहिलं होतं आणि घराच्या गच्चीवर कुणाला न सांगता करूनही पाहिलं होतं. महिन्याभरानं दप्तरात पुस्तकं भरून चालायचं, मग जिने, मग ज्याला त्याला वाटलं तर धावणं. वजनकाटा नाही. कोण पहिलं, कोण शेवटचं, नाही.

"आणि बाबा, यात शिक्षा नाही. उशीर झाला, बोललं, हसलं, काही झालं तरी फेऱ्या नाहीत, उठाबशा नाहीत. शिट्टी तर अजिबात नाही. ती ड्रॉवरमध्ये."

"शिट्टी नाही? मग थांबवायचं कसं?"

"थांबवायचंच कशाला?"

सरांना हे कळलं नाही, पण कागद भरत होता. "बरं, बरं."

"बरं नाही. शब्द द्या. दिलात तर मी येते. मी स्वतः नाव घालते या वर्गात."

आतलं भांडं घासायचं थांबलं होतं.

"दिला," सर म्हणाले. "बापाचा शब्द."

लेकीनं मला हे दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा ती स्वतःवरच हसत होती. "ताई, मी नवीन बूट घेतलेत. आई म्हणाली, एवढी का नाचतेस? मी म्हटलं, नाचत नाहीये, चालणार आहे." दप्तरातून तिनं ते बूट काढून दाखवले. पांढरे, कोरे, एकाला अजून किमतीची चिठ्ठी चिकटलेली.

सोमवारी मोठ्या बाईंनी आराखडा वाचला, आणि चष्मा काढून शिट्टीसरांकडे असं बघितलं, जणू खुर्चीला अचानक पालवी फुटली. "सर, हे तुम्ही लिहिलंत?"

"रात्रीचा दिवस केला, बाई."

शिक्षक-खोलीत तर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. सर पाय पसरून सांगायचे, "माझं निरीक्षण असं आहे, की ज्या मुलांना व्यायाम आवडत नाही, त्यांच्यापासून सुरुवात केली पाहिजे." गणिताचे सर मान डोलवायचे. "गप्पा मारता याव्यात, गाणं येऊ नये, हे सूत्र मी कित्येक वर्षं मनात घोळवत होतो." इतिहासाच्या बाई म्हणायच्या, वा. आयत्या बिळावर नागोबा नुसता बसला नव्हता, बीळ आपण कसं खोदलं याची व्याख्यानं देत होता. बाईंनी तर सांगून ठेवलं, वर्ग नीट सुरू झाला की सरांना क्रीडा विभागाचं प्रमुख करू. विभागात सर एकटेच आहेत. तरी त्यांनी टेबलावरच्या पाटीचं माप घेऊन ठेवलं.

मुलांनी नावं नोंदवली तेव्हा बाकीच्या तिन्ही विषयांना मोजकीच पोरं गेली, जी नाहीतरी पळणारी होती. चालतं-बोलतंला तोबा गर्दी. सर म्हणाले, "बघा, माझ्यावरचा विश्वास." खरं कारण लेकीच्या वर्गातली चष्मेवाली सांगत होती, "तिथं शिट्टी नसणारे म्हणे!"

पहिल्या दिवशी मी मुद्दाम खिडकीत उभी राहिले. मोठ्या बाई मैदानावर आल्या, छत्री घेऊन, उन्हासाठी. सर खुर्चीत होते. शिट्टी ड्रॉवरमध्ये नव्हती, गळ्यात होती, पण ट्रॅकसूटच्या आत टाकलेली. दोरी तेवढी दिसत होती. लेकीनं ती पाहिली, आणि न पाहिल्यासारखं केलं.

पोरं निघाली. आधी बिचकत, झाडाखालच्या खुर्चीकडे बघत बघत. मग कुणी ओरडत नाही असं दिसल्यावर जरा मोकळी. पहिल्या वळणापर्यंत ती कैद्यांसारखी चालत होती, दुसऱ्या वळणाला माणसांसारखी. हात हलायला लागले. लेक चष्मेवालीबरोबर होती आणि भूगोलाच्या बाईंची नक्कल करत होती, बहुतेक, कारण चष्मेवाली पोट धरून चालत होती. तीन वर्षांनी ती पोरगी त्या मातीवर होती. कोरे बूट धुळीनं भरले होते. चेहरा लाल, केस चिकटलेले, आणि तोंड एक क्षण बंद नाही.

"छान, सर," बाई म्हणाल्या. "किती गप्पा मारतायत बघा."

हे सरांना कौतुक वाटायला हवं होतं. पण त्यांना दिसत होतं ते वेगळंच. मैदानभर पोरं, आणि एकही त्यांच्याकडे बघत नव्हतं. रांग नव्हती. पाय एका वेळी पडत नव्हते. कुणी हसलं, की सरांची मान तिकडे वळायची. त्यांना वाटत असावं, आपल्यालाच हसताहेत. आयुष्यभर बाकावर बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त भीती कसली वाटते? खेळ आपल्यावाचून चाललाय याची. आणि तो अगदी झकास चालला होता.

त्यांनी दोरी ओढली. शिट्टी बाहेर आली. एक लांब.

सगळं मैदान जागच्या जागी थिजलं. सवय.

"गप्पा बंद!" सर ओरडले. "बाजार आहे का हा? रांग धरा!"

चष्मेवाली सगळ्यात जवळ होती. ती खरंच गोंधळली होती, तिच्या डोक्यात खोडी नव्हती. "सर, पण यात बोलायचंच असतं ना? नावातच आहे."

"उलट उत्तर? मैदानाला फेऱ्या!"

"त्याच मारतोय, सर."

आता मात्र सगळे हसले. छत्रीखाली मोठ्या बाईही हसल्या, आणि ते सरांनी पाहिलं. त्यांचा चेहरा ट्रॅकसूटच्या रंगाचा झाला. "हसताय? मग उठाबशा! तू, चष्मा! चल! कान धर!"

चष्मेवालीनं कान धरले. लेक मध्ये आली. दम लागलेला होता, पण आवाज नेहमीसारखा खणखणीत. शाळेत ती बापाला सरच म्हणायची.

"सर, तुम्ही शब्द दिला होता."

"कसला शब्द?"

"शिक्षा नाही म्हणून. सगळं आपण रविवारी लिहिलं ना…"

बाईंची छत्री हलली. "आपण म्हणजे कोण, सर?"

सरांना तिथं दोन रस्ते होते. लेक समोर उभी होती, लाल चेहऱ्यानं, धुळीच्या बुटात, आणि अजूनही तिच्या नजरेत असं होतं की हा माणूस आता हसेल आणि शिट्टी काढून ठेवेल. दुसऱ्या बाजूला विभागप्रमुखाची पाटी होती, अजून रंगवायची राहिलेली.

"कोण म्हणजे? मी!" शिट्टीसर म्हणाले. "हा विषय मी आखलाय, बाई. ही पोरगी मैदानात आली कधी, हिला काय कळतंय? ए ढब्बू, तू मध्ये पडू नकोस, मागे हो. आणि सगळ्यांनी ऐका, हे असंच चालणार. ज्याला पटत नसेल त्यानं चालू पडावं. ऐच्छिक आहे!"

कुणी हललं नाही. चष्मेवाली कान धरून उभीच होती. लेकीनं तिच्याकडे पाहिलं, मग आधी तिचा एक हात, मग दुसरा, कानावरून खाली घेतला. खाली वाकून बुटाची सुटलेली नाडी बांधली. आणि फाटकाकडे चालायला लागली.

"कुठं चाललीस?"

ती झाडाजवळून गेली, खुर्चीला वळसा घालून.

"ए! मी विचारतोय. तास संपलेला नाही अजून!"

फाटकाशी शिपायानं तिच्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि कडी काढली.

"घरी ये, मग बघतो! उत्तर दे आधी! ढब्बू!"

शिट्टी वाजली, एक लांब, मग दोन आखूड, मग नुसतीच वाजत राहिली. ती रस्त्याला लागली होती. हात हलत होते, मान सरळ, पावलं झपाझप. गाणं म्हणता आलं नसतं, असा वेग होता. बोलता आलं असतं.